बॉइनकाठचा कवडसा

आयर्लंडमधल्या अतिप्राचीन वास्तूंपैकी एकीचं नाव 'नवा मळा' असं आहे. इंग्रजीत न्यूग्रेंज. 'ग्रेंज' म्हणजे मठाच्या मालकीची, मठापासून दूर असलेली शेतवाडी. ११४२ मध्ये सिस्टर्शियन पंथाच्या साधूंनी मेलिफाँट इथे मठ स्थापन केला. पुढे बॉइन नदीकाठची सुपीक जमीन मठाकडे आली आणि तिथल्या नव्या शेतवाडीचं नाव जवळच्या एका गवताळ टेकाडालाही चिकटलं. त्या वेळी ते टेकाड त्रेचाळीसशे वर्षांचं झालेलं होतं.

हे टेकाड निसर्गाने घडवलेलं नाही. इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमारास, म्हणजे नवाश्मयुगात, शेती करणाऱ्या माणसांनी आपल्या मृतांसाठी ते रचलं. त्याचा व्यास सुमारे ८५ मीटर आणि उंची सुमारे १२ मीटर आहे. पायथ्याशी एकाला एक टेकवून आडवे ठेवलेले ९७ प्रचंड दगड आहेत. आग्नेयेकडून आत शिरणारा १९ मीटर लांबीचा अरुंद दगडी बोळ आहे आणि त्याच्या शेवटी तीन कोनाड्यांचं दालन. एवढाच त्याचा नकाशा. गिझाचा मोठा पिरॅमिड याच्यानंतर सहाशे वर्षांनी उभा राहिला आणि स्टोनहेंजचे मोठे दगड त्याहूनही उशिरा. आपल्याकडचा हिशेब लावायचा तर पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला ताम्रपाषाणयुगातले शेतकरी वस्तीला आले, तेव्हा न्यूग्रेंज सोळाशे वर्षांचं जुनं होतं.

महापाषाण हा शब्द ऐकला की विदर्भातल्या वाचकाला नागपूरजवळची जुनापाणीची शिलावर्तुळं आठवतील, माहुरझरीच्या दफनांत सापडलेले घोड्यांचे तांब्याचे दागिने आठवतील. मोठ्या दगडांनी आखलेली मृतांची जागा म्हणून दोन्हींना एकच नाव मिळालं आहे, पण नातं तिथेच संपतं. विदर्भातली वर्तुळं लोहयुगातली आहेत आणि न्यूग्रेंजहून दोन हजार वर्षांनी अलीकडची आहेत. बॉइनकाठच्या माणसांकडे लोखंड नव्हतं, तांबंही नव्हतं. चाक नव्हतं. होता तो दगड, लाकूड, दोर, हाताचं बळ आणि आकाशाकडे पिढ्यान्‌पिढ्या लक्ष देण्याची सवय.

डब्लिनच्या उत्तरेला साधारण पन्नास किलोमीटरवर बॉइन नदी एक मोठा वळसा घेते. त्या वळशाच्या कुशीत नाउथ, न्यूग्रेंज आणि डाउथ अशी तीन थोरली टेकाडं आणि त्यांच्याभोवती बरीच धाकटी आहेत. आयरिश भाषेत या सगळ्या परिसराला 'ब्रू ना बोन्या', म्हणजे बॉइनचा वाडा, म्हणतात. १९९३ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. नुसत्या कोरीवकामाचा विचार केला तर नाउथ न्यूग्रेंजच्या पुढे आहे. पश्चिम युरोपातल्या एकूण महापाषाणी कोरीवकामापैकी सुमारे एक तृतीयांश एकट्या नाउथला आहे. तरीही जगाच्या नजरेत न्यूग्रेंज भरतं, ते एका झरोक्यामुळे.

झरोक्याकडे वळण्याआधी दगडांचं पाहायला हवं, कारण या वास्तूची खरी किंमत त्यांच्या प्रवासात आहे. कडेचे बहुतेक दगड ग्रेवॅक नावाच्या टणक खडकाचे आहेत. ते सुमारे वीस किलोमीटर दूरच्या क्लॉगरहेड परिसरातल्या समुद्रकिनाऱ्यावरून आणले असावेत, असं भूवैज्ञानिक सांगतात. कित्येकांचं वजन काही टनांत भरतं. बहुधा ओहोटीच्या वेळी ते तराफ्याला बांधत, भरतीने उचलले गेले की समुद्रातून नदीच्या मुखाशी आणि तिथून प्रवाहाविरुद्ध वर ओढत आणत. मग नदीकाठापासून माथ्यापर्यंतचा चढ उरे, तो ओंडक्यांवरून. दर्शनी भागात विखुरलेली शुभ्र गारगोटी दक्षिणेकडच्या विक्लो डोंगरातली आहे आणि तिच्यात मिसळलेले काळपट-करडे ग्रॅनाइटचे गोटे उत्तरेकडच्या डंडॉक उपसागराच्या किनाऱ्यावरचे. म्हणजे एकाच टेकाडात दक्षिणेचा डोंगर, पूर्वेचा समुद्रकिनारा आणि उत्तरेचा उपसागर आणून ठेवलेला आहे. जवळपास दगडांचा तोटा होता म्हणून हे झालं, असं म्हणता येत नाही. बांधणाऱ्यांना तेच दगड हवे होते.

टेकाडाच्या पोटात नदीतले गोटे आणि मुळांसकट कापून आणलेल्या हरळीच्या लाद्या यांचे थर आहेत. एकूण भार दोन लाख टनांच्या घरात असल्याचा अंदाज आहे. हरळीच्या लाद्यांबरोबर त्या काळची बी-बियाणं आणि परागकणही आत अडकून राहिले. त्यांच्यावरूनच पाच हजार वर्षांपूर्वी इथे जंगल तोडून केलेली शेतं होती आणि गुरांना चरायला कुरणं होती, हे कळलं.

दालनाचं छत हे गवंडीकामातलं आश्चर्य आहे. कमान त्या काळी ठाऊक नव्हती. दगडाची लादी भिंतीवर ठेवायची, तिच्यावरची थोडी आत सरकवायची, तिच्यावरची आणखी थोडी आत, असं करत करत वर्तुळ लहान होत गेलं आणि जमिनीपासून सहा मीटरांवर एका झाकणदगडाने ते मिटलं. जगात या पद्धतीची छतं खूप आहेत. इथलं पाच हजार वर्षं गळलेलं नाही, तेही आयर्लंडच्या पावसात. त्याचं कारण उत्खननात सापडलं. छताच्या दगडांच्या वरच्या अंगाला पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळी कोरलेल्या होत्या आणि सांध्यांमध्ये भाजलेली माती आणि समुद्राची वाळू ठासून भरलेली होती. या भाजलेल्या मातीतल्या कोळशानेच कार्बन-१४ पद्धतीने वास्तूचा काळ सांगितला. ज्या माणसाने गळती थांबवायला तो लगदा ठासला, त्यानेच नकळत आपली तारीख लिहून ठेवली.

टेकाड बांधून झाल्यावर काही शतकांत त्याची कड ढासळली, माती आणि दगड पुढे सरकले आणि प्रवेशद्वार पुरतं गाडलं गेलं. त्यानंतरच्या चार हजार वर्षांत आत कोणी गेल्याची खूण नाही. पण जागेचा मान गेला नाही. आयर्लंड रोमन साम्राज्यात कधीच नव्हतं, तरी टेकाडाच्या माथ्यावर आणि दारासमोर रोमन सोन्याची नाणी आणि दागिने सापडले आहेत. कोणीतरी लांबून येऊन ती इथे वाहिली असली पाहिजेत. मध्ययुगीन आयरिश कथांमध्ये ब्रू हा देवांचा वाडा आहे. दाग्दा या थोर देवाचं नदीदेवता बोअनवर मन जडतं, तो सूर्याला आकाशात थांबवून धरतो आणि एकाच दिवसात एंगस हा मुलगा गर्भात येऊन जन्मतोही. हाच एंगस पुढे 'एक दिवस आणि एक रात्र' राहायला म्हणून वाडा मागतो आणि सगळा काळ दिवस-रात्रींचाच बनलेला असतो, या युक्तिवादावर तो कायमचा आपला करतो. थांबलेला सूर्य आणि हे टेकाड यांची ही जोडी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

१६९० मध्ये इथून काही किलोमीटरवर बॉइनची लढाई झाली, जिने आयर्लंडच्या पुढच्या इतिहासाची दिशा ठरवली. त्यानंतर जमिनीचे मालक बदलले. १६९९ मध्ये चार्ल्स कॅम्बेल या जमीनदाराने रस्त्यासाठी दगड काढायला मजूर लावले आणि मजुरांच्या पहारीखाली गुहेचं तोंड उघडलं. ज्या टेकाडातून खडी निघायची, ते अशा रीतीने वाचलं. त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयाचा प्रमुख एडवर्ड लुइड तिथे पोचला. बोळातून रांगत आत गेला, नक्षी पाहिली आणि पत्रांतून तिचं वर्णन लिहून पाठवलं. माथ्याजवळ रोमन सम्राट व्हॅलेंटिनियनचं नाणं मिळालं होतं. त्यावरून लुइडने सरळ तर्क केला: ज्याच्या वर रोमन नाणं पडलं आहे ते टेकाड, नाण्याच्या काळाहून आणि म्हणून डेनमार्ककडच्या दर्यावर्दी हल्लेखोरांच्या येण्याहूनही, जुनं असलंच पाहिजे. हा विचार निर्दोष होता. तरी १७२६ मध्ये थॉमस मॉलिन्यू या विद्वानाने हे टेकाड डॅनिश लोकांचंच ठरवलं, कारण आयरिश माणसांच्या पूर्वजांनी असं काही बांधलं असेल हे त्या काळच्या अनेकांना पटतच नव्हतं. हा रोग आयर्लंडपुरता नाही. स्थानिकांच्या पूर्वजांना कर्तृत्व नाकारून ते कुठल्या तरी परक्या जेत्याच्या खाती टाकायचं, हे पुरातत्त्वाच्या इतिहासात जगभर झालं आहे.

पुढची अडीच शतकं दालन उघडंच होतं. लोक येत, वस्तू उचलून नेत, दगडांवर आपली नावं कोरत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली ती नावं अजून वाचता येतात. शेजारच्या डाउथचे हाल याहून वाईट झाले. १८४७ मध्ये तिथे माथ्यावरून केलेल्या खोदाईने टेकाडात पडलेला मोठा खड्डा आजही दिसतो. १८८२ च्या प्राचीन स्मारक संरक्षण कायद्याने ही टेकाडं सरकारी देखरेखीखाली आली. शास्त्रशुद्ध उत्खननाला मात्र १९६२ साल उजाडावं लागलं.

ते काम कॉर्कच्या विद्यापीठातले पुरातत्त्वाचे प्राध्यापक मायकेल ओकेली यांनी हाती घेतलं आणि १९७५ पर्यंत चालवलं. त्यांच्या पत्नी क्लेअर ओकेली यांनी कोरीव दगडांची दगडागणिक नोंद करण्याचं चिकाटीचं काम केलं. आज न्यूग्रेंजच्या नक्षीबद्दल जे नेमकेपणाने बोलता येतं, त्यात त्यांच्या रेखाटनांचा मोठा वाटा आहे.

प्रवेशद्वाराच्या वर, मातीत अर्धवट गाडलेला एक नक्षीदार आडवा दगड एकोणिसाव्या शतकापासून अभ्यासकांना दिसत होता. दाराच्या वर आणखी एक तुळई कशासाठी, हे कोणाला उमगलं नव्हतं. १९६३ मध्ये ओकेलींच्या तुकडीने तिथली माती काढली, तेव्हा तो दगड एका लहानशा दगडी पेटीचं छत निघाला. सुमारे मीटरभर रुंदीची ही पेटी बोळाच्या छतावर बसवलेली होती आणि तिच्या तळाशी बोळात उघडणारी फट होती. फटीच्या तोंडाशी गारगोटीचा ठोकळा होता आणि खालच्या दगडावर ओरखडे होते. म्हणजे ठोकळा पुन्हा पुन्हा सरकवला जात होता. झरोका उघडला जात होता आणि पुन्हा बंद केला जात होता.

कशासाठी? गावकऱ्यांत एक समजूत चालत आलेली होती की वर्षातून कधीतरी सूर्य आतल्या तीन वेटोळ्यांच्या दगडावर प्रकाश पाडतो. पाहुण्यांकडून ओकेलींच्या कानी ती वारंवार आली, पण स्वतः पाहिलेला माणूस एकही भेटला नाही. स्टोनहेंजच्या मध्य-उन्हाळ्यातल्या सूर्योदयाशी लोक गल्लत करत असावेत, असं त्यांना आधी वाटलं. मग त्यांनी दिशा तपासली. बोळाचं तोंड आग्नेयेला. उन्हाळ्यातला सूर्य तिथून उगवणं शक्यच नाही. हिवाळ्यातला मात्र शक्य आहे.

२१ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ते दालनात जाऊन बसले आणि कवडसा खरंच आत आला. १९६९ च्या त्याच दिवशी त्यांनी त्याची मिनिटागणिक नोंद केली. नदीपलीकडच्या रेड माउंटन नावाच्या कड्यावर ८ वाजून ५४ मिनिटांनी सूर्याची कोर दिसली. ८ वाजून ५८ मिनिटांनी झरोक्यातून आलेला पहिला बारीक कवडसा बोळाच्या जमिनीवरून सरकत दालनात पोचला आणि मागच्या कोनाड्यापर्यंत गेला. तो रुंदावत सतरा सेंटिमीटरांचा झाला. परावर्तित उजेडात बाजूचे कोनाडे आणि छताचा वरचा भाग दिसू लागला. मग कवडसा आक्रसत गेला आणि ९ वाजून १५ मिनिटांनी तुटला. सतरा मिनिटं. कित्येक सहस्रकांनंतर हे पाहणारा हा पहिला माणूस होता आणि त्याने ते पाहिलं, कारण लोकसमजूत हसण्यावारी न नेता त्याने ती घड्याळ लावून तपासली.

हा योगायोग तर नाही, ही शंका रास्तच होती आणि ती घेतली गेली. १९७४ मध्ये जॉन पॅट्रिक यांनी मोजणी करून बोळ आणि झरोका यांची दिशा मुळापासूनच हिवाळ्यातल्या सूर्योदयाकडे असल्याचं 'नेचर' नियतकालिकात दाखवून दिलं. १९८९ मध्ये डब्लिनचे खगोलशास्त्रज्ञ टॉम रे यांनी त्याच नियतकालिकात एक पाऊल पुढचा हिशेब मांडला. पृथ्वीच्या अक्षाचा कल हजारो वर्षांत किंचित बदलतो. तो बदल धरला तर बांधकामाच्या काळी सूर्योदय आणि कवडसा यांच्यात आजची चार मिनिटं नव्हती. सूर्य उगवताक्षणी किरण आत येत होता.

इथे रचनेतली खरी युक्ती समजून घेतली पाहिजे. टेकाड चढावर आहे आणि बोळ आत जाताना चढत जातो. दालनाची जमीन प्रवेशद्वाराच्या जमिनीपेक्षा सुमारे दोन मीटर उंच आहे, म्हणजे जवळपास झरोक्याच्या पातळीला. त्यामुळे दारातून शिरलेलं ऊन अर्ध्या बोळातच जमिनीवर विझतं. दालनापर्यंत पोचेल अशी एकच वाट उरते, दाराच्या वरून. बांधणाऱ्यांनी ती आधी ठरवली आणि त्याप्रमाणे दगड उभे केले. दगड एकदा बसला की हलवता येत नाही. वर्षातून चार-सहा सकाळीच तपासता येतो, त्यातही निम्म्या ढगाळ. हे एका माणसाच्या हयातीतलं निरीक्षण नव्हे.

आणि दार बंद असे. प्रवेशद्वाराला अचूक बसणारी दगडी शिळा ओकेलींना तिथेच मिळाली, ती आजही दाराशेजारी उभी आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव महाराष्ट्राला माहीत आहे. मावळतीचे किरण महाद्वारातून येऊन देवीच्या चरणांपासून मुखापर्यंत चढतात आणि ते पाहायला मंडप माणसांनी भरतो. न्यूग्रेंजमध्ये मात्र शिळा लावून माणसांची वाट बंद केलेली असतानाही सूर्याची वाट उघडी ठेवता येत होती. आयर्लंडमध्ये हिवाळी अयनदिनी जेमतेम साडेसात तासांचा उजेड असतो. वर्षातल्या त्या सर्वांत तोकड्या दिवशी सूर्य आत जाई तो मृतांकडे. बघायला जिवंत कोणी असण्याची गरज नव्हती.

नक्षीतही हेच दिसतं. प्रवेशद्वारासमोर तीन मीटरांहून लांब असा आडवा दगड आहे. त्याच्यावर वेटोळी आणि चौकटी इतक्या सफाईने कोरलेल्या आहेत की नवाश्मयुगीन कलेचा तो जगभर छापला जाणारा नमुना झाला आहे. चकमकीची किंवा गारगोटीची टोकदार अणी दगडावर धरून वर दुसऱ्या दगडाने ठोके द्यायचे, अशी ही पाथरवटी. पण अशीच नक्षी कडेच्या काही दगडांच्या मातीकडच्या पाठीवर आणि बोळाच्या छताच्या वरच्या, पुरल्या गेलेल्या अंगावरही आहे. उत्खननात दगड मोकळे केल्याशिवाय ती कोणाला कधी दिसलीच नसती. काही अभ्यासकांना ती जुन्या वास्तूचे दगड पुन्हा वापरल्याची खूण वाटते. कारण कोणतंही असो, दिसावं म्हणूनच कोरायचं हा आपला हिशेब या माणसांना लागू होत नाही.

ओकेलींच्या कामाचं एवढं कौतुक केल्यावर त्यांच्या एका निर्णयाबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. आज न्यूग्रेंजचं जे छायाचित्र सगळीकडे दिसतं त्यात दर्शनी भागात सुमारे तीन मीटर उंचीची, जवळजवळ उभी, पांढरीशुभ्र गारगोटीची भिंत आहे. ही भिंत विसाव्या शतकातली आहे. उत्खननात गारगोटीचा थर कडेच्या दगडांसमोर जमिनीवर पसरलेला मिळाला. तो कोसळलेल्या भिंतीचा आहे, असा ओकेलींचा निष्कर्ष होता. त्यांनी भिंतीचा एक तुकडा प्रयोग म्हणून बांधून पाडूनही पाहिला आणि दगड कसे पडतात ते तपासलं. मग पूर्ण भिंत उभारली. अशी उभी भिंत केवळ गारगोटीच्या आधारावर राहत नाही, म्हणून तिच्यामागे पोलादी सळ्यांचं काँक्रीट आहे. दाराच्या दोन्ही बाजूंना आत वळणाऱ्या काळ्या दगडी भिंतीही पर्यटकांना ये-जा करता यावी म्हणून नव्याने केलेल्या आहेत.

याच वळशात नाउथला जॉर्ज ओगन यांनी १९६२ पासून चार दशकांहून अधिक काळ उत्खनन केलं. तिथेही प्रवेशाजवळ गारगोटी मिळाली. ओगन यांनी ती जिथे मिळाली तिथे, जमिनीवरच अंथरलेली ठेवली. एकाच दगडाचं, एकाच काळातलं, दोन किलोमीटरच्या आतलं हे दोन प्रकारचं वाचन आहे. दोन्ही टेकाडं एकाच दिवशी पाहणाऱ्याला हा फरक पुस्तकाविना कळतो. नाउथचा संयम अधिक योग्य होता. ज्या काळात काँक्रीट नव्हतं, त्या काळाच्या माथी काँक्रीटशिवाय न टिकणारी भिंत मारणं धाडसाचं आहे. तरीही ओकेलींनी आपण काय केलं आणि का केलं हे लपवलं नाही. उत्खननाचा सविस्तर वृत्तांत छापला, म्हणूनच त्यांच्याशी वाद घालता येतो.

दालनात किती माणसं पुरली होती? ओकेलींना किमान पाच व्यक्तींचे अवशेष मिळाले, काही जळालेले, काही न जळालेले. सगळे तुकड्यांत, कारण १६९९ नंतर जमीन अनेकदा उकरली गेली होती. त्यांच्याबरोबर मणी, लोलक, हाडाच्या पिना आणि दगडाच्या गुळगुळीत गोट्या होत्या. प्रत्येक कोनाड्यात खोलगट दगडी परात असून अस्थी बहुधा तिच्यात ठेवत.

यातल्याच एका कवटीच्या तुकड्याने २०२० मध्ये खळबळ उडवली. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या लारा कॅसिडी आणि डॅन ब्रॅडली यांच्या गटाने प्राचीन आयर्लंडमधल्या चाळीसहून अधिक व्यक्तींचा जनुकसंच वाचला. न्यूग्रेंजमधल्या एका पुरुषाचे आई-वडील परस्परांचे अतिनिकटचे, म्हणजे भाऊ-बहीण किंवा पालक-अपत्य, असल्याचं त्यात दिसलं. असे संबंध इजिप्तच्या फेरोंच्या किंवा इंका राजांच्या घराण्यांसारख्या ठिकाणी मान्य असत, म्हणून इथेही देवत्व सांगणारं राजघराणं असावं, असं अनुमान निघालं. त्याला जोड मिळाली ती डाउथच्या मध्ययुगीन कथेची. तिच्यात एक राजा स्वर्गापर्यंत मनोरा बांधायला घेतो, त्याची बहीण मंत्राने सूर्य थांबवते, दोघांचा संग होतो, मंत्र तुटतो आणि अंधार पडतो. वर्तमानपत्रांनी 'न्यूग्रेंजचा राजा' लगेच गादीवर बसवला.

याच अभ्यासात एक हळवं करणारी नोंदही होती. क्लेअर परगण्यातल्या पूलनाब्रोन या महापाषाणी थडग्यात पुरलेल्या तान्ह्या मुलाला डाउन सिंड्रोम होता, आणि हाडांतल्या रासायनिक खुणा सांगतात की त्याला आईचं दूध मिळत होतं. मथळ्यांत राजाची जेवढी चर्चा झाली, तेवढी या बाळाची झाली नाही.

२०२५ मध्ये डब्लिनच्याच जेसिका स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अँटिक्विटी' नियतकालिकात राजाच्या कल्पनेला आव्हान दिलं. त्यांचा मुद्दा साधा आहे. आई-वडिलांचं नातं एका माणसाबद्दल सांगतं, घराण्याबद्दल नाही. असं दुसरं उदाहरण आयर्लंडच्या या थडग्यांत मिळालेलं नाही. निरनिराळ्या थडग्यांतल्या माणसांमध्ये आढळलेलं नातं बरंच लांबचं आहे. शिवाय तेव्हाच्या वस्त्यांत, घरांत, अन्नात राजा-प्रजा असा भेद दाखवणारं काही नाही, आणि मृतांची हाडं जाळून, तोडून, एकमेकांत मिसळून ठेवली जात होती. हे आव्हान वजनदार आहे. १७२६ मध्ये डॅनिश हल्लेखोर आणि २०२० मध्ये देवांश राजा. थोर वास्तू दिसली की तिच्यामागे हुकूम देणारा एक माणूस असलाच पाहिजे, ही समजूत फार चिवट आहे. गावोगावच्या माणसांनी वर्षानुवर्षं एकत्र येऊन, आपल्या सगळ्यांच्या मृतांसाठी हे उभं केलं असेल, याला नाकारणारा एकही दगड न्यूग्रेंजमध्ये नाही.

बॉइनच्या वळशाने आपलं सगळं अजून सांगितलेलंही नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये मोठा दुष्काळ पडला, शेतं वाळली. जमिनीखाली पूर्वी खणलेले चर असतील तिथे ओल टिकते आणि वरचं पीक हिरवं राहतं. त्या जुलैत अँथनी मर्फी आणि केन विल्यम्स या दोघांनी ड्रोन उडवले आणि न्यूग्रेंजजवळच्या शेतात प्रचंड वर्तुळाकार वास्तूची हिरवी आकृती पडद्यावर उमटली. रोज ज्याच्या बाजूने माणसं ये-जा करत होती, ते शेत चार-पाच हजार वर्षांचं मंदिर पोटात घेऊन होतं. पाऊस आला आणि आकृती पुसली गेली. असा परिसर जपणं मात्र सोपं नसतं. २०१२ मध्ये जवळच्या स्लेन गावाला वळसा घालणारा रस्ता आणि पूल नियोजन मंडळाने नामंजूर केला होता, त्यामागे या वारशाच्या परिसराला लागणारा धक्का हेही कारण होतं. स्लेनच्या उतारावर अपघातांत माणसं गेली आहेत, त्यामुळे तो निर्णय सोपा नव्हता. वारसा जपण्याची किंमत कोणीतरी मोजत असतं आणि हे मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे.

पर्यटकांना आज थेट टेकाडापर्यंत गाडी नेता येत नाही. नदीच्या दक्षिण तीरावर १९९७ मध्ये सुरू झालेलं केंद्र आहे. तिथून पादचारी पुलावरून बॉइन ओलांडायची आणि लहान बसने टेकाडाकडे जायचं. दालनात एका वेळी वीसेक माणसं मावतात आणि मार्गदर्शकाशिवाय प्रवेश नाही. आत सगळे उभे राहिले की दिवा मालवतात आणि विजेच्या दिव्याने कवडसा दाखवतात. खऱ्या कवडशासाठी दरवर्षी लॉटरी निघते. जगभरातून हजारो अर्ज येतात, स्थानिक शाळांतली मुलं चिठ्ठ्या काढतात आणि निवडलेल्या माणसांना हिवाळी अयनदिनाच्या आसपासची एक सकाळ मिळते. ढग आले तर ती अंधारातच जाते. २०२० च्या डिसेंबरात कोविडमुळे पाहुण्यांना आत सोडलं नाही आणि कवडसा थेट प्रक्षेपणातून जगाला दाखवला गेला. दालनात माणसांची गर्दी नव्हती आणि ऊन जमिनीवरून बिनअडथळा पुढे जात होतं, बांधणाऱ्यांनी योजलं होतं तसं.

टेकाडाचा मोठा भाग आजवर खणलेला नाही. तो तसाच राहू द्यावा. तीनशे वर्षांपूर्वी लुइडला नाणं आणि डोळे यांवर भागवावं लागलं, ओकेलींना कार्बन-१४ मिळाला, पुढच्या पिढीला कवटीच्या चिमूटभर भुकटीतून आई-वडील वाचता आले. त्यानंतर येणाऱ्यांच्या हाती काय असेल, त्यासाठी त्यांना न उकरलेली माती लागेल.

आयर्लंडला गेलात आणि न्यूग्रेंजला पोचलात, तर दालन पाहून लगेच बसकडे परतू नका. टेकाडाला पुरता वळसा घाला. पाठीमागे, प्रवेशदगडाच्या बरोबर समोरासमोर पडेल अशा जागी, ५२ क्रमांकाचा कडेचा दगड आहे. प्रवेशदगडावर मधोमध एक उभी रेघ कोरलेली आहे. तशीच उभी रेघ या दगडावरही आहे. मधलं सगळं टेकाड या दोन रेघांच्या दरम्यान आखलेलं आहे. तिथे फारसं कोणी थांबत नाही. थोडा वेळ थांबा.